भुजंगअण्णांच्या ओट्याची सभा

भुजंगअण्णांना घरात स्वयंपाकाचा ओटा बांधायचा होता, म्हणून त्यांनी गावातल्या तिन्ही गवंड्यांना एकाच वेळी, एकाच सतरंजीवर बोलावलं. का, तर काम कुणाला द्यायचं ते तिघांनी आपसात चर्चा करून एकमतानं ठरवावं! शिवाय एक सुतार, एक नळवाला, आणि गणसंख्या भरावी म्हणून शेजारची मी. 'बाई, तुमच्याबिगर सभा सुरूच हुईना,' असं अण्णा दारात येऊन म्हणाले, की शाळेतून दमून आलेल्या मास्तरणीलाही बसावंच लागतं.

लिंबागणेशला अण्णा जन्मभर दूध सोसायटीचे सचिव होते. चेअरमन आले नि गेले, अण्णा मात्र राहिले. मग एकामागून एक दुष्काळ पडले. जनावरं छावणीत गेली, काही तिथूनच बाजारात गेली, आणि सोसायटीच्या दाराला कुलूप लागलं. अण्णांची सवय काही बंद पडली नाही. पाहुणे आले की चहा करायचा का सरबत, यावर ते हात वर करायला लावत. दारावरच्या भाजीवाल्यालाही 'तुमचं म्हणणं सभेपुढं मांडा' म्हणत. तो बिचारा गोंधळून वांगी पुढे करायचा.

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण या ओट्यावाचून एक संसार अडला होता. अण्णांच्या बायकोचे, सरूबाईंचे, गुडघे गेले होते. चुलीपुढं बसलं की उठवत नसे. शेवटी त्या परळीला लेकीकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, 'उभ्यानं करायची सोय झाली की येते.' दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि इथे अण्णांच्या सभाच चाललेल्या. रात्री त्यांच्या घरात एकच दिवा दिसायचा, आणि मला त्यांची दयाही यायची नि रागही.

पहिल्या सभेत गवंडी एकमेकांची जुनी कामं उकरून भांडले. दुसऱ्या सभेत त्यांच्यातल्या तरुण गवंड्यानं मोबाईलवर शहरातल्या स्वयंपाकघरांचे फोटो दाखवले. काळाभोर, चकचकीत दगड. अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, 'ह्यात सैपाक कुठं करतेत?' तिसऱ्या सभेत तिघा गवंड्यांतले म्हातारे रशीदमिस्त्री वैतागले. 'अण्णा, काम तरी द्या, न्हाईतर च्या तरी बंद करा. लई झाला.'

तेव्हा माझाही तोल सुटला. म्हटलं, 'अण्णा, सगळ्या गावाला विचारून झालं. जिला तिथं उभं राहायचंय तिला विचारलंत का?'

अण्णा खरोखर चकित झाले. 'ती घरातलीच हाय. तिला कावून इचारायचं?' असं म्हणाले, आणि आपलंच बोलणं ऐकून फोन शोधू लागले. त्यांनी परळीला फोन लावला, स्पीकर चालू करून सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि स्वतः ताठ बसले.

'सरूबाई, सभेपुढं तुमचं म्हणणं मांडा.'

'आवो, काय झालं? बरं हाय ना तुमाला?'

'बरं हाय. ओटा कसा पायजे ते सांगा.'

'मला काय कळतंय त्यातलं. तुमीच ठरवा.'

'न्हाई. तुमी बोला.'

 मग सरूबाई हळू म्हणाल्या, 'ओटा कसा बी करा. पर माझी खिडकी तेवढी उघडून द्या. भिताडाकडं तोंड करून भाकरी थापण्यात जलम गेला. येताजाता माणूस दिसत न्हाई.'

त्या खिडकीची गोष्ट अशी. दुष्काळात गल्लीसाठी टँकरचं पाणी साठवायला अण्णांनी आपल्या घराला लागून हौद बांधला, आणि त्यासाठी स्वयंपाकघराची खिडकी विटांनी बुजवली. तेव्हाही रीतसर सभा झाली होती आणि ठराव एकमतानं मंजूर झाला होता. सरूबाई त्या वेळी आत सगळ्यांचा चहा करत होत्या.

आता नळ आला आहे, हौद कोरडा असतो. पण लोक अजून त्याला 'अण्णांचा हौद' म्हणतात. सोसायटी बुडाल्यावर अण्णांच्या नावाचं गावात तेवढंच उरलं होतं.

'खिडकी उघडायची तर हौद पाडावा लागंल, अण्णा,' रशीदमिस्त्री चाचरत म्हणाले. मला वाटलं, झालं, आता यावर आणखी चार सभा.

'पाडा,' अण्णा म्हणाले. कुणाचं मत घेतलं नाही. मी उगाच कपबशा गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना अण्णा फाट्यावर भेटले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. परळीची गाडी बघत होते.

'सरूबाईंना ओटा झाल्यावर आणणार होतात ना?'

'आदीच आणतो.'

'आत्ता धुरळ्यात? अहो, ओट्याचं माप मिस्त्री घेतील की.'

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

'मिस्त्रीनं इचारलं, खिडकी किती उंचीवर धरू. म्हनलं, हिच्या डोळ्याम्होरं यावी. तर हिचे डोळे कुठवर येतेत, तेच मला सांगता येईना, बाई.'