कपाटामागचा दरवाजा

घरमालकाचा फोन आला तेव्हा बुधवारची सकाळ होती आणि मी मटकी भिजत घालत होतो. (सात जणांची. माझ्या मुठीला अजून दोघांचंच माप कळतं, म्हणून रूममेट अंबादास बाजूला उभा राहून पहारा देत होता.)

"पुढच्या बुधवारी फायर इन्स्पेक्शन. नापास झालात तर घर खलास!"

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या या जुन्या घराला सगळे 'बंधुनिवास' म्हणतात. चाळीस वर्षं इथे मराठी बॅचलर राहत आलेत. लग्नाआधी मीही राहिलो होतो. तीन वर्षांपूर्वी माझी बायको नीलिमा गेली. उम्म अल कुवैनच्या फ्लॅटमध्ये फ्रिज घरघरला तरी मी "काय म्हणालीस?" असं विचारू लागलो, तेव्हा मुकाट्याने इथे परत आलो. वय वर्षं चोपन्न, हुद्दा बॅचलर. घर बंद झालं तर बाकीचे सहा जण कुठेही बेडस्पेस, म्हणजे भाड्याची एक खाट, शोधतील. मी पुन्हा एखाद्या फ्रिजशी बोलत बसेन.

म्हणून एक छोटासा निर्णय घेतला. सेफ्टी इनचार्ज मी होणार! तीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे, घराचा नकाशा तासाभरात काढला. त्यात मागच्या दरवाजावर ठळक लिहिलं, 'इमर्जन्सी एक्झिट'. मग पॅसेजमधल्या प्रत्येक अडगळीवर चिठ्ठी डकवली: 'मालकाने ही वस्तू चोवीस तासांत हलवावी. हुकमावरून.'

"शैलेंद्रराव, तांदळाचं पोतं कुठे ठेवू? डोक्यावर?" अंबादास म्हणाला.

"जीव मोठा की तांदूळ?"

"ते जेवताना सांगतो."

घरातल्या तरुण प्रसन्नची सायकल गच्चीवर गेली. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन नूरुद्दीनने नकाशा बघून स्मोक डिटेक्टर आणि हिरवे बाण लावले. अंबादासने मटकीला फोडणी दिली आणि डिटेक्टर किंचाळला.

"बाणामागून पळा!" मी ओरडलो. (असा अधिकारवाणीचा आवाज मला लग्नात कधी काढता आला नव्हता.) आम्ही सातही जण आणि नूरुद्दीन बाणामागून धावलो आणि एकामागून एक लोखंडी कपाटावर आदळलो.

कपाट माझं होतं. म्हणजे नीलिमाचं. खोलीत मावेना म्हणून मागच्या दरवाजासमोर ठेवलेलं. रोज त्याला हात लावून कामाला जातो, पण नकाशात काढायचं राहिलं.

"साब, ड्रॉइंग में अलमारी है ही नहीं," नूरुद्दीन कपाळ चोळत म्हणाला.

"काका, आमचे बूटसुद्धा उचलायला लावलेत, आणि हे?" प्रसन्न म्हणाला.

"गप रे," अंबादासने त्याला दटावलं. मग हळूच मला म्हणाला, "भरलेलं हलणार नाही. साड्या तेवढ्या काढून ठेवा. आम्ही सरकवतो."

"उद्या," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," नूरुद्दीन म्हणाला. त्याने माझा चेहरा बरोबर वाचला होता.

आज मंगळवार. अग्निशामक नळकांडी भिंतीवर आहेत, डिटेक्टर स्वयंपाकघरापासून लांब गेलाय, तांदूळ अंबादासच्या पलंगाखाली. उद्या सकाळी दहाला इन्स्पेक्टर येईल आणि हिरवा बाण त्याला थेट माझ्या बायकोच्या साड्यांकडे नेईल. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून कपाटावरही मी गुरुवारीच चिठ्ठी डकवली आहे. तिच्यावरचे चोवीस तास उलटून चार दिवस झाले. किल्ली खिशात आहे.

कपाट मी अजून उघडलेलं नाही.