अप्पांची शेरवानी

सकाळी साडेआठला पाशामियाँ चहात खारी बुडवत होते आणि रहमतबी टीव्हीसमोर लसूण सोलत बसली होती. टीव्हीच्या तळाशी पट्टी फिरत होती. उद्या अकरा वाजता मंत्रिमंडळाचा विस्तार, आणि शपथ घेणाऱ्यांची नावं एकामागून एक सरकत होती. चौथं नाव आलं आणि पाशामियाँची खारी चहातच राहिली. नाव चाकूरच्या दयानंदअप्पांचं होतं.

"अप्पा मंत्री होऊलालेत," रहमतबी म्हणाली. "तुमचं तोंड का असं झालंय?"

तोंड तसं व्हायला कारण होतं. अप्पांची शपथविधीची शेरवानी पाशामियाँच्या दुकानात होती. म्हणजे असायला हवी होती. त्या घडीला ती शिरूर अनंतपाळला एका नवरदेवाच्या अंगावर चढत होती.

ही शेरवानी पंधरा वर्षांपूर्वीची. अप्पा पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांनी पाशामियाँकडून मोतिया रंगाची, बंद गळ्याची शेरवानी शिवून घेतली. अप्पांच्या आजोबांचा निजामाच्या काळातला शेरवानीतला एक फोटो दिवाणखान्यात होता, त्यावरून ही हौस. मंत्रिपदाची शपथ घेईन तर हीच घालून, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. तेव्हा मंत्रिपद शेजारच्या जिल्ह्याला गेलं. शेरवानी घरी नेली तर बायको सिंधुताई रोज तिच्याकडे बघून हसतील म्हणून अप्पांनी ती दुकानातच ठेवली. पुढं दर निवडणुकीनंतर ते गुपचूप येत, शेरवानी अंगाला लावून बघत आणि पाशामियाँ शिवण उसवून पोटाला दोन बोटं सैल करून देत. मधे एकदा अप्पा पडले. त्या वर्षी शिवण आत घ्यावी लागली. अप्पांचं राजकारण वर्तमानपत्रवाल्यांना जेवढं कळत नव्हतं तेवढं पाशामियाँना टेपवर कळत होतं.

बिघडलं ते रहमतबीच्या मायेमुळं. शेरवानी शिवली त्याच वर्षी तिच्या बहिणीच्या मुलाचा, हमजाचा निकाह होता आणि ऐन निकाहाच्या सकाळी त्याच्या शेरवानीवर रश्शाचं पातेलं कलंडलं. एका दिवसाचा तर सवाल आहे, असं म्हणत रहमतबीनं अप्पांची शेरवानी काढून दिली. हमजा त्यात असा काही दिसला की पुढच्या महिन्यात त्याचा दोस्त आला, मग दोस्ताचा मेहुणा, मग मेहुण्याच्या गावचा पाटील पोराला घेऊन आला. हिंदू, मुसलमान, जाडा, बारीक, कुणीही असो, पाशामियाँ प्रत्येकाच्या मापाला आतून कच्चे टाके घालून देत आणि परत आली की टाके काढत. शेरवानी कुणाची, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका मोठ्या माणसाची आहे, एवढंच म्हणत. पैसे घेत नसत, त्यामुळं ही आपण समाजसेवा करतो आहोत असं त्यांना हळूहळू वाटायला लागलं होतं.

नऊ वाजता अप्पांचा ड्रायव्हर दुकानात हजर. दोन वाजता मुंबईला निघायचं आहे, शेरवानी द्या. पाशामियाँनी छातीवर हात ठेवून सांगितलं की इस्तरी करून, गुलाबपाणी मारून आपण स्वतः एक वाजता घेऊन येतो. ड्रायव्हर वळताच त्यांनी स्कुटी बाहेर काढली. रहमतबी बुरखा चढवून मागं बसली.

"तू कशाला?"

"दिली कोणी? मी. मग आणायला पण मीच येणार. तुमाला गोड बोलता येतंय, काम करून घेता येत न्हाई."

शिरूरला पोचले तेव्हा नवरदेवाची, मन्मथची परण्याची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडं निघाली होती. मन्मथ घोड्यावर बसला होता, पुढं बँड, आणि अप्पांची शेरवानी उन्हात झकास चमकत होती. पाशामियाँ घोड्याच्या बाजूनं पळत पळत मन्मथला खाणाखुणा करायला लागले. मन्मथला वाटलं चाचा नाचायला बोलावतायत, त्यानं खाली वाकून त्यांच्या गळ्यात आपला एक हार घातला. बँडवाल्यांनी त्यांच्याभोवती रिंगण धरलं आणि पासष्टाव्या वर्षी पाशामियाँना नाइलाजानं चार पावलं नाचावं लागलं.

रहमतबीनं तोवर नवरदेवाच्या बापाला, ग्यानोबाला, गाठलं होतं. मालकाला आजच शेरवानी लागते, असं तिनं त्याला पटवून दिलं. ग्यानोबा समजूतदार माणूस. म्हणाला, बारा पस्तीसचा मुहूर्त आहे, अक्षता पडल्या की पोरगं अंगातली काढून देईल, मी पण एकदा नवरदेव झालोय म्हणून सांगतो, त्याच्या आधी काढायला लावू नका. हिशोब जमत होता. बारा पस्तीसला अक्षता, पावणेएकला निघायचं, दीडला चाकूर. पाशामियाँनी घाम पुसला आणि मांडवात सरबत घेतलं.

बारा पस्तीस झाले. बारा पन्नास झाले. वधू-वर अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे होते, लग्न लावणारे स्वामी मंगलाष्टकांचं पुस्तक उघडून बसले होते आणि कुणी काही सुरू करत नव्हतं. पाशामियाँ ग्यानोबाकडं गेले.

"थांबलो कशाला?"

"अप्पा यायचेत की," ग्यानोबा म्हणाला. "पत्रिकेत नाव हाय. शब्द दिलाय त्यांनी. नुसते आमदार असते तर मुहूर्तावर लावलं असतं एक वेळ. आता मंत्री हायेत. मंत्री झाल्यावरचं पहिलं लग्न आमच्या पोराचं होणार, असं कसं सोडू?"

पाशामियाँ मांडवाच्या मागं गेले आणि अप्पांना फोन लावला. अप्पा खुशीत होते. घरात माणूस मावत नव्हता म्हणे. शिरूरचं लग्न त्यांच्या लक्षात होतं, जाता जाता पाच मिनिटं थांबणारही होते.

"पण पाशाभाई, शेरवानी अंगात घालून बघितल्याशिवाय मी उंबरा ओलांडत न्हाई. पोट पुन्हा वाढलंय. तू शेरवानी आण, मग मी निघतो."

पाशामियाँनी फोन खाली घेतला आणि सगळं रहमतबीला सांगितलं. अप्पा आल्याशिवाय लग्न लागत नव्हतं. लग्न लागल्याशिवाय शेरवानी सुटत नव्हती. शेरवानी आल्याशिवाय अप्पा घरातून निघत नव्हते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदराखालून हात काढल्यासारखा बुरख्यातून हात पुढं केला.

"फोन द्या इकडं. अप्पांना आशीर्वाद देता येतेत ना? माईकवर द्या म्हणावं."

ग्यानोबाला कल्पना फार आवडली. मुंबईला निघायच्या गडबडीत मंत्र्यांनी फोनवरून आशीर्वाद दिले, हे पाहुण्यांना सांगायला आणखीच भारी होतं. पाशामियाँनी आपण गुंड्या आणायला शिरूरला आलो आहोत अशी थाप मारून अप्पांना विनंती केली. फोन माईकला लावला. चाकूरात अप्पांनी घसा साफ केला तो इथं मांडवभर घुमला.

आता पंधरा वर्षं वाट बघितलेला माणूस. मंत्री म्हणून त्यांचं हे पहिलं भाषण होतं, आणि समोर दीड हजार माणसं आहेत असं त्यांना सांगितलं गेलं होतं. नवदांपत्याला आशीर्वाद एका वाक्यात उरकून अप्पा आपल्या जन्माकडं वळले. नळेगावच्या शाळेतली पहिली निवडणूक, मॉनिटरची, ती कशी एका मतानं गेली. बाजार समितीत त्यांच्याच माणसांनी त्यांना कसं पाडलं. पहिल्यांदा आमदार झाल्यावर त्यांनी आणलेली एस.टी. कशी तीन महिन्यांत बंद झाली. पडले त्या साली घरी कसं चिटपाखरू येत नव्हतं आणि सिंधुताईंनी दोन माणसांचा स्वयंपाक कसा नव्यानं शिकून घेतला. लोक मनापासून ऐकत होते, काही बायांनी डोळ्यांना पदर लावला. मन्मथ घामानं निथळत होता. त्याच्या काखेत शेरवानीचा रंग गडद होत चालला होता आणि पाशामियाँचे डोळे त्या काखेवरून हलत नव्हते. अप्पा जेवढं बोलत होते तेवढा अप्पांनाच उशीर होत होता, आणि हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

एक वीस झाले. अप्पा दुसऱ्या आमदारकीपर्यंत आले होते. रहमतबी उठली, माईकजवळ गेली आणि फोनच्या तोंडाशी म्हणाली, "हॅलो, अप्पा? हॅलो? रेंज जाऊलाली." आणि फोन बंद केला. मांडवात टाळ्या पडल्या. पुढच्या लग्नाला उशीर झालेल्या स्वामींनी टाळ्या संपायच्या आत मंगलाष्टक धरलं.

अक्षता पडल्या. मन्मथनं शेरवानी काढून दिली आणि आतल्या सदऱ्यावर बापाचं जाकीट चढवलं. जाकीट ढगळ होतं. नवरी उज्वला हळूच म्हणाली की अशात जरा माणसासारखे दिसताय, मघाशी भीती वाटत होती. ते ऐकून रहमतबीचा जीव हलका झाला.

पुढचा पाऊण तास स्कुटीनं जे सोसलं ते तिलाच ठाऊक. सव्वादोनला दुकानात टाके उसवले, काखेवर ओलं फडकं आणि वर इस्तरी, दोन थेंब गुलाबपाणी. पावणेतीनला अप्पांच्या घरी. अप्पांनी शेरवानी घातली, श्वास आत घेतला, गुंडी लागली. त्यांनी बाही हुंगून अत्तर लावलंस का विचारलं, तेव्हा पाशामियाँ शगुनाचं आहे म्हणाले. सिंधुताई काखेकडं बराच वेळ बघत होत्या. गाडी निघाली आणि पाशामियाँ तिथंच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी अकराला अख्खा तालुका टीव्हीसमोर होता. अप्पा पुढं आले, आवाज खणखणीत. पाशामियाँचे डोळे भरून आले. आपल्या हातची शिवण राज्यपालांसमोर उभी होती. अप्पांनी सही केली तेवढ्यात फोन वाजला. इस्लापूरहून एक बाई बोलत होती.

"चाचा, टीव्ही लावा लवकर. आमच्या ह्यांची शेरवानी घालून अप्पा शपथ घेऊलालेत."

पाशामियाँनी काही बोलायच्या आत दुसरा फोन आला, मग तिसरा. शेरवानीची तिसरी गुंडी एका वरातीत हरवली होती आणि तिच्या जागी लावलेली गुंडी जराशी पिवळट होती. ती गुंडी तालुक्यातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये होती. दुपारपर्यंत मोबाइलवर फोटो फिरायला लागले, एका बाजूला शपथ घेणारे अप्पा, दुसऱ्या बाजूला मुंडावळ्या बांधलेला कुणीतरी. संध्याकाळपर्यंत एकोणीस नवरदेवांचे फोटो जमा झाले. लोक फार खूश होते. प्रत्येक घरातून एकेक जण मंत्री झाल्यासारखं चाललं होतं. पाशामियाँनी मात्र उदगीरला मुलीकडं जाऊन राहायचा विचार सुरू केला. पंधरा वर्षं माणसानं विश्वासानं ठेवलेली वस्तू, आणि आपण ती तालुकाभर फिरवली. रहमतबीनं पिशवी भरू दिली नाही. शटर खाली केलं तर चोरी केली असं होईल, उघडं ठेवा, जे काय असेल ते तोंडावर ऐकू, असं ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अप्पांची मिरवणूक बाजारातून निघाली आणि बरोबर दुकानासमोर थांबली. अप्पा एकटेच आत आले. त्यांनी शेरवानीचं पुडकं टेबलावर ठेवलं. पाशामियाँनी हात जोडले.

अप्पांनी शेरवानीच्या आतल्या खिशात हात घातला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. वाळलेल्या अक्षता. एक सुपारी. अत्तराचा कापूस. चार घड्या केलेला एक कागद, त्यावर शाईनं लिहिलेला उखाणा, पाठ होत नव्हता म्हणून दोनदा गिरवलेला.

"टेंभुर्णीच्या पुढं हात घातला मी खिशात," अप्पा म्हणाले. "किती जणांनी घातली रे?"

"एक्केचाळीस, अप्पा." पाशामियाँ म्हणाले. "मला माफ करा. तुमच्या शपथेची चीज होती."

"तिथंच काढून टाकायलो होतो. सिंधु म्हणाली, राहू द्या. ह्या सगळ्यांनी बी शपथच घेतली की हिच्यात." अप्पांनी सुपारी उचलून हातात फिरवली. "त्यातलं कोण मोडलं का?"

पाशामियाँनी आठवून बघितलं. एक जोडपं भांडत होतं, पण ते लग्नाआधीपासूनच भांडत होतं.

"न्हाई, अप्पा. समदे नांदायलेत."

"एकानं बी पक्ष बदलला न्हाई," अप्पा स्वतःशीच म्हणाले. "पंधरा वर्षांत. आमच्यात अडीच वर्षं टिकला तर त्याचा सत्कार करतेत."

बाहेर घोषणा वाढल्या होत्या, कुणीतरी आत डोकावून साहेब, उशीर होतोय म्हणालं. अप्पा उठले. पाशामियाँ पुडकं घेऊन त्यांच्या मागं धावले, तर अप्पांनी ते परत त्यांच्या छातीशी लावलं.

"रविवारी कुणाचं हाय?"

पाशामियाँनी खाली मान घालून सांगितलं की शेजारच्या जेबाच्या दिराचा निकाह आहे, चाकूरातच.

"दे त्याला. पण मंत्र्याची हाय म्हणून सांगू नको," अप्पा हळूच म्हणाले. "मी उद्या राहीन न राहीन. त्याचं टिकलं पाहिजे."

आणि ते हार घालून घ्यायला बाहेर गेले. रहमतबीनं पडद्याआडून येऊन टेबलावरचा उखाणा उचलला, नाव वाचलं आणि कुणाचा ते ओळखून तो परत पाठवायला बाजूला ठेवला.