न्यूटनचं नाक

न्यूटन पडला. वस्तू खाली का पडतात हे त्यानेच जगाला समजावून सांगितलेलं असल्यामुळे दोष कुणाला द्यावा, हा प्रश्नच होता. पण त्याच्यावरचं कापड ओढलं होतं बाबांनी.

"मी फक्त धूळ बसलीय का ते बघत होतो," बाबा म्हणाले.

प्लॅस्टरचा न्यूटन जमिनीवर पडून शांतपणे आढ्याकडे बघत होता. केस शाबूत, हनुवटी शाबूत, नाकाचा मात्र भुगा. दुपारी महाविद्यालयाची गाडी त्याला न्यायला येणार होती आणि संध्याकाळी नव्या प्रयोगशाळेत त्याचं अनावरण होतं.

थोरामोठ्यांचे अर्धपुतळे घडवण्याचा हा कारखाना बाबांचा. डार्विन, लिंकन, मार्क्स यांना दाढ्या लावण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आता कारखाना टायरवाल्याला विकायचं त्यांनी ठरवलं होतं. "लोकांना विचारवंत नकोत, टायर हवेत," हे त्यांचं ठाम मत. लेकीला मात्र तो चालवायचा होता. न्यूटन हा तिने एकटीने घडवलेला पहिला पुतळा. तो धड पोचला असता तर बाबांशी भांडायला तिला तोंड उरलं असतं. टायरवाला तर आज सकाळीच बोलणी पक्की करायला येणार होता.

लेकीने डोळे पुसले आणि जुने साचे काढले. लिंकनचं नाक लावून बघितलं, तर न्यूटन मतं मागायला निघाल्यासारखा दिसू लागला. डार्विनचं लावलं, तर बिचाऱ्याचा चेहराच उतरला. मार्क्सचं नाक दाढीवाचून शोभेना.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिने भिंतीवर लावलेलं न्यूटनचं चित्र बघितलं, मग खिडकीशी तोंड फिरवून उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं.

"अगं, लांब, सरळ, शेंड्याला जरा खाली झुकलेलं. नाक तर घरातच आहे की!"

"माझं?" बाबा दचकले. "अगं, मी गणितात दोनदा नापास झालोय!"

"नाक पास झालं तरी पुरे," आई म्हणाली.

कापड स्वतःच ओढलेलं असल्यामुळे बाबांचं काही चाललं नाही. लेकीने त्यांना खुर्चीत मागे रेलून बसवलं, चेहऱ्याला व्हॅसलिन चोपडलं, नाकपुड्यांत कापूस घातला, श्वासासाठी तोंडात नळी दिली आणि नाकावर प्लॅस्टर थापलं.

"बोलायचं नाही, मान हलवायची नाही. नाहीतर नाक वाकडं येईल."

नेमका तेव्हाच टायरवाला आला.

"काय मालक, ठरलं ना मग?"

बाबा आढ्याकडे बघत राहिले. नळीतून फुस्स असा आवाज आला.

"कमी वाटतंय? बरं, थोडं वाढवतो."

फुस्स.

"अजून? अहो, काही बोला तरी!" टायरवाला लेकीकडे वळला. तिच्या हातात प्लॅस्टर होतं.

"त्यांचं त्यांनाच विचारा," ती कशीबशी म्हणाली.

"निदान मान तरी हलवा! हो की नाही?"

बाबांची मान जागची हलली नाही.

"एवढा ताठा?" टायरवाला उसळला. "ठेवा तुमचे बाहुले तुमच्यापाशी!" आणि तो तरातरा निघून गेला.

साचा निघाला. नाक सरळ आलं होतं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "मान डोलावली असती तर सौदा झाला असता."

"आणि नाक वाकडं आलं असतं," बाबा कापूस काढत म्हणाले.

लेकीला भरून आलं. पण दुपारच्या गाडीआधी नाक ओतून न्यूटनला बसवायचं होतं, त्यामुळे रडायला सवड नव्हती.

संध्याकाळी विज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक पुतळ्याभोवती दोनदा फिरले. "न्यूटन पुष्कळ पाहिले, पण हा खरा! काय बुद्धिमान नाक आहे!" एवढ्यात त्यांची नजर पहिल्या रांगेतल्या बाबांवर पडली. बाबांनी घाईघाईने रुमाल नाकाला लावला.

"सर्दी झालीय," ते म्हणाले. पण घरी येईपर्यंत त्यांची मान ताठच होती.

पुढच्याच आठवड्यात राज्यशास्त्रवाल्यांनी वॉशिंग्टन मागवला. लेक माती मळत होती. बाबा कुणी न बोलावता आले, खुर्चीत बसले आणि मागे रेलले.

"बाबा, याचं नाक वेगळं आहे हो."

"असू दे की." बाबांनी मान एका बाजूला वळवली. "कान बघ. ते अजून कुणाला दिलेले नाहीत."