मधात वावर, काठानं घरं

आमचे शेजारी बारापात्रेकाका घराची चौकशी करायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, "शेणाचा वास चालते का तुमाले?" माणूस जरा चाचरला, की काका त्याला चहा पाजून परत पाठवतात.

काका भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. राहायला लकडगंजात, आमच्याच गल्लीत. शहराबाहेर, मिहान विमानतळ प्रकल्पाच्या पलीकडे त्यांची सहा एकर जमीन आहे आणि तिथे त्यांना वसाहत वसवायची आहे. मध्ये वावर, म्हणजे शेत. तूर, भाजीपाला, संत्र्याची झाडं, गोठा. भोवताली बारा घरं. न्हाणीचं पाणी केळींना, शेण गोबरगॅसला आणि वावरात पिकेल ते बाराही घरांना.

एक बिल्डर नकाशा बघून म्हणाला, "मधातली एवढी जागा खाली काहून सोडली?"

"खाली नाही गा. ताटात भात मधात असते, मीठ-लिंबू काठाले. तू तं मधात मीठच वाढून राहिला."

तो पुन्हा फिरकला नाही.

आम्ही मात्र वासाला हो म्हणालो आणि अडकलो. कागदावरच्या नकाशानं काकांचं समाधान होत नाही. त्यांनी बाराही घरं जमिनीवर चुन्यानं आखली. बकऱ्यांनी ती दोनदा तुडवली, काकांनी तिसऱ्यांदा आखली. माझी बायको सुनीता चुन्याच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "काका, खिडकी कुठे?"

"दहा मिनिटं तशाच उभ्या राहा वं सूनबाई. जिकडून हवा लागन, तिकडं खिडकी."

ती उन्हात उभी राहिली. खिडकी पूर्वेला ठरली.

बारा कुटुंबं जमली आणि नियमांची बैठक काकांच्या घरी भरली. गाड्या फाटकाबाहेर, गोठ्याची पाळी सगळ्यांना, हे कुरकुरत का होईना मान्य झालं. गाडी अडली सातव्या नियमावर : संध्याकाळचं जेवण सगळ्यांनी एकत्र.

"हे काढा," निवृत्त मुख्याध्यापिका देशकरबाई म्हणाल्या. "आम्हाला घर हवंय, वसतिगृह नको. नाहीतर आमचं नाव कमी करा." आणखी चार जणांनी माना हलवल्या. पाच घरं गेली असती, तर वसाहतच बारगळली असती.

"बाकी काहीबी खोडा," काका म्हणाले. "हे नाही."

"काहून पण?" मागून एकानं विचारलं.

काकांनी नकाशाची सुरळी केली. मग भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत हळूच म्हणाले, "मालती गेल्यापासून मी एकटाच कुकर लावतो. तीन शिट्ट्या होतात. घरात दिवसभर बोलणारं तेवढंच."

देशकरबाई स्वतःही एकट्याच राहतात, हे आम्हाला तेव्हा आठवलं. त्यांनी कागद पुढे ओढला, सातव्या नियमासमोर सही केली आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "पोळ्या किती लागतील?"

काका बोटांवर माणसं मोजायला लागले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सुनीतानं त्यांच्याबरोबर मोजलं.