मोघेकाकांची माकुडी

भाईंदरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माश्यांना आग्रहाने घरात घेणारा माणूस एकच होता, तिसऱ्या मजल्यावरचे मोघेकाका. पाली गावची कोळीण सुके बोंबील घेऊन आली की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. काका गॅलरीचं दार सताड उघडायचे आणि माश्यांना "या, बसा" म्हणायचे.

हे सगळं एका कुंडीसाठी. तीत जाड, मांसल फांद्यांचं एक रोप होतं. पावसाळा सरता सरता त्याला गर्द लाल, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुलं यायची, जराशी कुबट वासाची. हे रोप सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवरच उगवतं आणि माशी बसल्याशिवाय त्याला शेंग धरत नाही, असं काका भेटेल त्याला ऐकवायचे.

पंचाईत नावाची होती. शिंदळ माकुडी. काका ते खणखणीत उच्चारायचे. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. सोसायटीच्या मीटिंगला ते उशिरा आले आणि म्हणाले, "माझी शिंदळ आज मलूल आहे, सोडून निघवेना." एकट्या राहणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून देशपांडेवहिनी भिंतीकडे बघायला लागल्या. सेक्रेटरी मेहताभाईंनी कितने दिनसे रहती है, असं दबकत विचारलं. काका अभिमानाने म्हणाले, तीस साल. मेहताभाई तीन जणांना घेऊन वर गेले आणि कुंडी पाहून मुकाट्याने खाली आले.

पुढच्या वर्षी शेंग धरली. पावसाच्या तोंडावर काकांनी मला रजा घ्यायला लावली आणि जुन्नरकडच्या एका कड्यावर नेलं. तिथे अगदी काठावर ते पालथे झोपले. मी त्यांचे पाय धरले. एका कपारीत त्यांनी बी पेरलं, कुंडीतलं रोपही तिथेच लावलं. मग उठून बसले, पण कपडे झटकेनात.

"तरुणपणी मोजणीच्या कामावर इथे आलो होतो," ते म्हणाले. "मित्रांना दाखवायला म्हणून हिला मुळासकट उपटली. वाटलं, आणखी असतील. दुसऱ्या वर्षी येऊन सगळा कडा शोधला. एवढी एकच होती रे."

घरी जगवलेल्या तिच्या फांद्या त्यांनी दोनदा इथे आणून लावल्या होत्या. तगल्या नाहीत. म्हणून आता बी.

उन्हं कलली तशी मी त्यांना उठवलं. रिकामी पिशवी त्यांनी नीट घडी करून खिशात घातली. चार पावलं चालून ते परत फिरले, कड्याच्या काठाशी वाकले आणि घरातल्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाले, "येतो गं."