सर्वानुमते कारंजे

अर्थसंकल्पात एक बळीचा बकरा ठेवायचा, ही नगरपालिकेच्या लेखापालांची अठरा वर्षांची रीत होती. बकऱ्याचे नाव ‘संगीत कारंजे, तीस लाख’. विरोधकांनी त्यावर बाके बडवायची, सत्ताधाऱ्यांनी मोठ्या मनाने ते कापायचे आणि त्या गोंगाटात एखादे खरे काम गुपचूप मंजूर व्हायचे. यंदाचे खरे काम होते शाळेचे छत. ते चाळणीसारखे गळायचे आणि त्याच्याखाली लेखापालांची बायको शिकवायची. “छत मंजूर झाल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका,” असे तिने सकाळी बजावले होते, आणि ती शब्दाची पक्की होती.

पण यंदा तूट इतकी फुगली की वरून पत्र आले: भांडणे बंद, दोन्ही बाजूंनी मिळून खर्च ठरवा, नाहीतर अनुदान विसरा. झाले! सत्ताधाऱ्यांचे आप्पा आणि विरोधकांचे वकीलसाहेब जन्मात पहिल्यांदा एका बाकावर बसले. दोघे इतके गोड बोलत होते की लेखापालांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“संगीत कारंजे,” त्यांनी वाचले आणि गोंगाटाची वाट पाहिली.

“वकीलसाहेब, तुम्ही कापा. तुमचा मान,” आप्पा म्हणाले.

“छे छे! तुमच्या कारंज्याला मी हात लावू? सहकार्य म्हणजे सहकार्य.”

“मग मंजूर?”

“सर्वानुमते!”

“अहो, पण तूट?” लेखापालांना घाम फुटला.

“मग पुढचं काहीतरी कापू,” आप्पा म्हणाले. “काय आहे पुढे?”

पुढे छत होते. लेखापालांनी जीव मुठीत धरून सगळे ओकून टाकले. “साहेब, कारंजं खोटं आहे हो! नकाशा नाही, जागा नाही. तुम्ही कापावं म्हणूनच मी ते दरवर्षी घालतो.”

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. “म्हणजे अठरा वर्षं मी नसलेल्या कारंज्याविरुद्ध घसा फोडला?”

“आणि मी नसलेल्या कारंज्याचा त्याग केला?” आप्पा कळवळले. “त्या त्यागावर तीनदा निवडून आलोय मी!”

“लोकांना कळलं तर दोघांचंही हसं होईल. आप्पा, आता कारंजं झालंच पाहिजे.”

“झालंच पाहिजे!”

“आणि छत?” लेखापालांनी विचारले. “पोरांच्या वह्या भिजतात हो, साहेब.”

आता माणसे काही दगड नव्हती. दोघांनाही खरोखर वाईट वाटले. ते कोपऱ्यात जाऊन बराच वेळ कुजबुजले आणि हसत परतले.

“छतही करू,” आप्पा म्हणाले. “दोन्ही कामं एकाच ठेकेदाराला, एकाच खर्चात. तूट एका पैशानं वाढणार नाही.”

“आणि जागेचाही प्रश्न सुटला,” वकीलसाहेब म्हणाले.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. “काय झालं छताचं?”

“मंजूर झालं. सर्वानुमते.”

ती इतकी खूश झाली की तिने स्वतः त्यांच्या हातातली पिशवी घेतली. “म्हणजे आता पावसाळ्याची धास्ती नको!”

“नको,” लेखापाल चप्पल न काढताच म्हणाले. “आता बारा महिने गळेल. कारंजं छतावर बसवतायत.”