बियांकावरचा अन्याय

खैरनारसाहेबांच्या मते जगात सध्या एकच अन्याय चालू आहे, आणि तो इटलीच्या बियांका नावाच्या बाईवर. बियांका बर्फावर नाचते. म्हणजे पायात धारदार पात्यांचे बूट, हातात जोडीदाराचा हात आणि समोर नऊ परीक्षक. हे नऊ जण तिला वर्षानुवर्षं पदकाच्या जवळ आणतात आणि चौथ्या नंबरावर बसवतात. त्याचा जाब खैरनारसाहेब रोज सकाळी मला विचारतात. माझा काय संबंध? मी इथे आखातात, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत पंपांची देखभाल बघतो.

आम्ही राहतो त्या फरवानियाहून रिफायनरी पाऊण तास. गाडी माझी, पेट्रोल माझं, तोंड त्यांचं. बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावायला फडकं लागतं, आणि शेजारी हा सिन्नरचा छप्पन्न वर्षांचा वेल्डिंग इन्स्पेक्टर मला ऐकवतोय, "सावंत, तिचा डावा पाय बघितलास? आतली कड. पात्याची शुद्ध आतली कड. आणि तो चार नंबरचा परीक्षक गुण कापतो. हे मला मान्य नाही." जन्मात बर्फावर पाय न ठेवलेला हा माणूस. बर्फाशी संबंध काय तो सरबतापुरता.

बियांकाची सगळी कारकीर्द मला तोंडपाठ झाली आहे, माझ्या सख्ख्या बहिणीची नसेल इतकी. डोंगरातल्या लहानशा गावात जन्म. सहाव्या वर्षी बर्फावर. पहिला जोडीदार ऐन भरात असताना खेळ सोडून हॉटेल काढायला गेला. या खेळात जोडीदार गेला की कितीही गुणी असा, घरी बसायचं. बियांका दोन मोसम घरी बसली. मग पावलो मिळाला. मग पाचवा नंबर, मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग चौथा, चौथा, पुन्हा चौथा. त्या हॉटेलवाल्याला खैरनारसाहेबांनी अजून माफ केलेलं नाही. गाडी सिग्नलला थांबली की ते त्याचा उद्धार करतात.

आता एखाद्याला नाद असतो, असू द्यावा. पण नादाला काही कुंपण? आमच्याकडे कंत्राटदाराच्या कामात खोट निघाली की इन्स्पेक्टर एनसीआर नावाचा कागद भरतो. काय चुकलं, कोणत्या नियमाप्रमाणे चुकलं, दुरुस्ती काय. खैरनारसाहेब प्रत्येक स्पर्धेनंतर परीक्षकांवर असा एनसीआर भरतात. कंपनीच्या छापील नमुन्यात, सहीशिक्क्यानिशी. स्टॉपवॉच लावून प्रत्येक फिरकी मोजलेली. हे सगळं स्वतःपुरतं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण मागच्या हिवाळ्यात त्यांनी एका पाइपलाइनच्या कागदांबरोबर चुकून तोही दाखल केला.

आमचं ऑफिस म्हणजे शिक्का दिसला की कागद पुढे सरकवणारं. कोणी वाचला नाही. कंत्राट विभागाने "परीक्षक क्र. ४" या कंत्राटदाराकडून सात दिवसांत खुलासा मागितला, पत्ता सापडेना म्हणून फाईल माझ्याकडे आली, आणि तीन दिवस मी या कंत्राटदाराने कोणता पंप बसवला ते शोधत होतो. शेवटी "कमरेतून वाकण्यात उत्कृष्टता असूनही" हे वाक्य वाचलं आणि टाळकं सटकलं. खैरनारसाहेबांना लाज? अजिबात नाही. उलट मलाच म्हणाले की बघ, आपल्याकडे निदान खुलासा तरी मागतात, तिकडे कोणी विचारतं का?

या सगळ्या कागदांची एक प्रत पुण्याला जाते. तिथे त्यांची मुलगी अन्विता नोकरी करते. बायको नाशिकला, मुलगी पुण्यात, हे इथे तिघांच्या खोलीत. फोनवर कागद पाठवला की दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे पोरीने वाचला. उत्तर कधीच नाही. मला तिचाही राग यायचा. बाप एवढं लिहितो, एक अक्षर लिहायला हिचं काय जातं? तसं बोललोही. खैरनारसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बिझी असते. बियांकाला एकदा पदक मिळू दे, मग बघ, लिहील."

म्हणून या वर्षीच्या युरोपच्या स्पर्धेवर सगळी मदार. बियांका तेहतीस वर्षांची, तिने आधीच सांगून टाकलेलं की हा शेवटचा मोसम. शनिवारी दुपारी, त्यांचे दोन सोबती ड्यूटीवर असताना, मी त्यांच्या खोलीवर गेलो. का गेलो ते विचारू नका, सुट्टीच्या दिवशी तरी कान शांत राहावेत असं मला वाटत होतं.

बियांका नाचली मात्र सुंदर. मला कडाबिडा कळत नाहीत, पण खोलीत आम्ही दोघंही श्वास रोखून होतो. शेवटी पावलोने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि त्या बर्फावर मोठी गिरकी घेतली. खैरनारसाहेबांनी स्टॉपवॉच दाबलं.

गुण आले. चौथा नंबर. उचलण्याला सात सेकंदांची मर्यादा असते, ती ओलांडली म्हणून एक गुण कापलेला. तिसऱ्या नंबराशी फरक त्याहून कमी.

माझा संताप अनावर झाला. मी, मी उठून त्या टीव्हीला बोट दाखवून ओरडलो की हा शुद्ध चावटपणा आहे, दोन क्षण जास्त धरलं तर काय आभाळ कोसळलं, भरा, आत्ताच्या आत्ता एनसीआर भरा. खैरनारसाहेबांनी स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं. नऊ सेकंद होऊन गेले होते.

"बरोबर कापलाय," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अन्विताचा मेसेज, इंग्रजीत, एकच ओळ. बाबा, त्याने तिला एवढा वेळ वर का धरलं?

त्यांनी ती ओळ मला वाचून दाखवली. मी विचारलं, तिला यातलं कळतं का?

"मला काय कळत होतं? सगळं तिचं," ते म्हणाले. "इथेच शहरातल्या बर्फाच्या रिंकवर सात वर्षं शिकली. बियांकाचा फोटो तिच्या भिंतीवर होता. नववीत मीच बंद केलं. दहावीच्या क्लाससाठी मायलेकींना नाशिकला धाडलं आणि तिला न विचारता बूट विकले. सावंत, तिचा निकाल मी एकट्याने दिला."

मग एका बोटाने त्यांनी उत्तर लिहिलं. सोडवत नसेल, शेवटचं होतं ना. ते पाठवलं. मग आणखी एक ओळ लिहिली आणि फोन माझ्यापुढे केला. तुला मात्र मी फार लवकर खाली उतरवलं.

"पाठवू?" त्यांनी विचारलं.

मी पाठवा म्हटलं. निळ्या खुणा उमटल्या आणि पुण्याहून फोन आला. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, चहाचं आधण ठेवलं. भिंतीपलीकडून मला खैरनारसाहेबांचा आवाज येत नव्हता. पाणी आटत आलं, मी आणखी पाणी घातलं. पोरगी बोलत होती आणि ते ऐकत होते.